दुर्बीण नंतर, आधी फळी आणि बिजागरी : डीप-स्काय फोटोग्राफीची सुरुवात

तेजोमेघ, तारकागुच्छ आणि दीर्घिका यांचे फोटो काढायचं मनात आलं की बहुतेक जण आधी दुर्बिणींच्या किमती बघायला लागतात. पैसे वाया जायची सुरुवात तिथूनच होते. मृग नक्षत्रातला तेजोमेघ, म्हणजे एम ४२, आपल्यापासून साधारण १,३५० प्रकाशवर्षांवर आहे, तरी आकाशात तो पौर्णिमेच्या चंद्राच्या दुप्पट रुंद दिसतो. देवयानी दीर्घिका तर तीन अंशांहून लांब, म्हणजे सहा चंद्र ओळीने मांडल्यासारखी. हे सगळं मोठंच आहे, फक्त फार मंद आहे. त्यामुळे सुरुवातीला मोठं करून दाखवणारं उपकरण लागत नाही. प्रकाश साठवायला वेळ लागतो, आणि तो वेळ पृथ्वीचं फिरणं खाऊन टाकतं. त्यावर उपाय करणारी वस्तू आधी घ्यायची किंवा बनवायची.

पहिलं लक्ष्य एम ४२ घ्या. शोधायला सोपा, तेजस्वी, आणि महाराष्ट्रातून डोक्यावर ६५ अंशांच्या आसपास चढतो, म्हणजे क्षितिजावरची धूळ आड येत नाही. मृगाच्या बाणाचे तीन तारे सापडले की त्यांच्या दक्षिणेला मंद ताऱ्यांची एक छोटी उभी ओळ दिसते, तिच्या मधोमध हा तेजोमेघ. डिसेंबरच्या मध्यावर तो रात्री साडेबाराच्या सुमारास सर्वांत उंच असतो, जानेवारीच्या मध्यावर साडेदहाला आणि फेब्रुवारीच्या मध्यावर साडेआठलाच.

पहिल्या काही रात्री : नुसता ट्रायपॉड

लेन्स बदलता येते असा गेल्या दहा-बारा वर्षांतला कुठलाही डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा चालतो. सोबत ५० मिमी एफ १.८ ही स्वस्तातली लेन्स, न हलणारा ट्रायपॉड आणि ठरलेल्या अंतराने आपोआप फोटो काढणारा इंटरव्हल टायमर. टायमर बऱ्याच कॅमेऱ्यांत आतच असतो. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स ५५ मिमीवर एफ ५.६ पर्यंतच उघडते. आपण वापरणार त्या एफ २.८ च्या तुलनेत तिच्यातून चौथा हिस्सा प्रकाश येतो (एफचा आकडा मोठा तेवढं छिद्र लहान). तिच्यावर आठ रात्री घालवण्यापेक्षा कुणाची तरी ५० मिमी मागून आणा.

शटर किती सेकंद उघडं ठेवायचं? ५०० ला फोकल लांबीने भागा, हा नियम फिल्मच्या काळचा आहे. आजचे २४ मेगापिक्सेलचे सेन्सर त्याची चूक लगेच उघडी पाडतात. ५०० ऐवजी ३०० घ्या, आणि फोकल लांबीला क्रॉप फॅक्टरने, म्हणजे सेन्सर फुल-फ्रेमपेक्षा किती पट लहान आहे त्या आकड्याने, आधी गुणा. कॅननच्या १.६ क्रॉपवर ५० मिमी म्हणजे ८०, आणि ३०० भागिले ८० म्हणजे पावणेचार, चार सेकंद धरा. आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). अशा सेन्सरवर ५० मिमी लेन्सचा एक पिक्सेलही साधारण १५ विकलांचाच असतो, म्हणजे चार सेकंदांत तारा चार पिक्सेल ओढला जातो. तेवढं पहिल्या फोटोला खपतं.

बाकी मांडणी अशी : फाइल रॉ मध्ये, लेन्स एफ २.८ वर, आयएसओ १६०० ते ३२००, व्हाइट बॅलन्स डेलाइट, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. लेन्स पूर्ण एफ १.८ वर उघडली तर कोपऱ्यांतल्या ताऱ्यांना पंख फुटतात. 'लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन' आठवणीने बंद करा. ते चालू असलं की प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ झाकल्यासारखा एक फोटो स्वतः काढत बसतो, आणि अर्धी रात्र त्यात जाते.

आता फोकस. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका, बहुतेक लेन्स तिच्या पुढेही फिरतात. ऑटोफोकस बंद करा, व्याध किंवा राजन्य चौकटीच्या मधोमध आणा, लाइव्ह व्ह्यू दहा पट मोठा करा आणि रिंग अगदी केसभर केसभर फिरवा. तारा लहान होत होत टिंबाएवढा होतो आणि मग पुन्हा फुगायला लागतो. एकदा त्या पलीकडे जाऊनच परत या, नाहीतर सर्वांत लहान टिंब कुठलं ते कळत नाही. जागा नक्की करताना तेजस्वी तारा सोडून त्याच्या शेजारचा मंद तारा बघा. फोकस नेमका आला की तो एकदम उगवतो, जरा हलला की गायब होतो. रिंग जागेवर कागदी चिकटपट्टीने बांधा. दोन तासांनी पुन्हा तपासा, कारण रात्र थंड होते तसा फोकस सरकतो.

मग ३०० फोटो. हो, तीनशे. प्रत्येक फोटोत तेजोमेघाचा प्रकाश तोच असतो, गोंगाट, म्हणजे फोटोतले दाणे, मात्र दर वेळी वेगळा. फोटो एकावर एक रचले की गोंगाट फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाने कमी होतो : १६ फोटोंना चौथ्या हिश्शावर, १०० ना दहाव्यावर. यावरून हेही कळतं की ३०० चे ३५० करून डोळ्यांना काही फरक दिसणार नाही, १,२०० केले तर दिसेल. दर शंभरेक फोटोंनी मृग चौकटीत दोन अंश सरकलेला असतो, तेव्हा कॅमेरा वळवून त्याला पुन्हा मध्यावर आणा.

तिथी आणि जागा

भिंतीवरच्या कॅलेंडरात इथे नेमकी कामाची गोष्ट छापलेली असते. वद्य अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, म्हणजे तिथपासून अमावास्येपर्यंत संध्याकाळचं आकाश काळं. शुद्ध चतुर्थीपर्यंत चंद्र नऊ-साडेनऊला मावळतो, म्हणजे पुढची रात्र मोकळी. पौर्णिमेच्या आठवड्यात फोटो काढू नका, जुन्या फाइलींवर प्रक्रिया करायला शिका.

शहरापासून दूर जायला पर्याय नाही. अंधार मोजायची बॉर्टल श्रेणी १ ते ९ अशी आहे. मुंबई-पुण्याचा मध्यभाग ८-९ मध्ये येतो आणि सह्याद्रीच्या आडोशाला ४ पर्यंत उतरता येतं. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ही मान्यता मिळाली, विदर्भातल्या लोकांना ते जवळ आहे. जागा दिवसा जाऊन बघून या. गावात सांगून ठेवा, वनखात्याची हद्द असेल तर परवानगी घ्या. गड-किल्ल्यांवर रात्री थांबायला अनेक ठिकाणी बंदी आहे. गटाने जायचं तर मुंबईचं खगोल मंडळ आणि पुण्याची १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहेतच, तिथे दुसऱ्यांची उपकरणं हाताळायलाही मिळतात.

लाइट पोल्युशन फिल्टरवर पैसे घालण्याआधी थांबा. ते रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियम दिव्यांसाठी बनले होते. आता सगळीकडे पांढरे एलईडी आलेत आणि त्यांचा प्रकाश पूर्ण वर्णपटभर पसरलेला असतो, तो असा वेगळा काढता येत नाही. तेवढ्या पैशांचं पेट्रोल जास्त उपयोगाचं.

झाकण लावून काढायचे फोटो

आकाशाचे फोटो म्हणजे लाइट. त्यांच्याबरोबर आणखी तीन प्रकारचे फोटो लागतात, आणि नवखे लोक झोप आली म्हणून नेमके तेच टाळतात.

डार्क : लेन्सला झाकण लावून, तोच आयएसओ, तेवढेच सेकंद, ३० फोटो. सेन्सरची उष्णता आणि हट्टी लाल-निळे पिक्सेल यातून वजा होतात. तापमान तेच हवं, म्हणून शेवटी तिथेच उघड्यावर काढा, घरी येऊन नाही. बायस : झाकण तसंच, शटर कॅमेऱ्याच्या सर्वाधिक वेगावर, ५० फोटो, दोन मिनिटांचं काम. फ्लॅट : लेन्सवर पांढरा टी-शर्ट सुरकुत्या न पडता ताणून धरा, त्यावर टॅब्लेटचा पांढरा पडदा ठेवा, आणि हिस्टोग्रामचा (किती उजेडाचे किती पिक्सेल ते दाखवणाऱ्या आलेखाचा) डोंगर मध्यावर येईल असे ३० फोटो घ्या. फ्लॅटमुळे कोपऱ्यांतला काळोख आणि सेन्सरवरच्या धुळीचे डाग निघतात. अट एकच, फोकस आणि एफ क्रमांक हलवायचा नाही. चिकटपट्टी आधी काढून टाकली तर फ्लॅट गेले म्हणून समजा.

बिजागरीचा ट्रॅकर

चार-चार सेकंदांच्या तीनशे फोटोंचे वीस मिनिटं होतात. पण प्रत्येक फोटो वाचताना सेन्सर स्वतःचा थोडा गोंगाट मिसळतो, त्यामुळे ते एकेक मिनिटाच्या वीस फोटोंच्या तोडीचे नसतात. एक मिनिट शटर उघडं ठेवायचं तर कॅमेरा आकाशाबरोबर फिरायला हवा, आणि ५० मिमीपुरतं ते सुताराच्या सामानात होतं.

१२ मिमी प्लायच्या ३० सेंमी लांब, १० सेंमी रुंद अशा दोन फळ्या. एका टोकाला त्या घट्ट बिजागरीने जोडा. पियानो बिजागरी, म्हणजे लांब पट्टीसारखी, मिळाली तर उत्तम, साधी असेल तर खेळ नसलेली निवडून घ्या. खालच्या फळीत, बिजागरीच्या पिनेच्या मध्यापासून २२८.५ मिमीवर भोक पाडून एम ६ चा टी-नट (लाकडात ठोकून बसवायचा नट) ठोका आणि त्यातून एम ६ चा आट्यांचा रॉड वर न्या. रॉडच्या टोकावर घुमटी नट बसवा आणि तो वरच्या फळीला जिथे टेकतो तिथे पत्र्याची पट्टी लावा, नाहीतर टोक प्लायमध्ये रुतत जातं. वरच्या फळीवर बॉल हेड (कॅमेरा हव्या त्या दिशेला वळवणारा गोळ्याचा सांधा) आणि कॅमेरा, खालच्या फळीला ट्रायपॉडसाठी पाव इंची टी-नट.

२२८.५ कुठून आलं? एम ६ च्या रॉडचे आटे १ मिमी अंतरावर असतात, म्हणजे एका फेऱ्यात फळी १ मिमी उचलली जाते. पृथ्वी ताऱ्यांच्या हिशेबात २३ तास ५६ मिनिटांत एक फेरा घेते. मिनिटाला बरोबर एक फेरा दिला तर फळीचा कोन आकाशाच्या वेगाने उघडायला बिजागरी आणि रॉड यांत एवढंच अंतर लागतं. दुकानात एम ८ चाच रॉड मिळाला तर त्याचे आटे १.२५ मिमीचे असतात, तेव्हा अंतर २८५.७ मिमी घ्या, आणि फळीही तेवढी लांब. मोजताना एक मिमी चुकला तरी मिनिटाला चार विकलांचाच फरक पडतो, ५० मिमीवर तो दिसत नाही. बिजागरी डुगडुगली तर मात्र लगेच दिसतो.

उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. बिजागरी डाव्या हाताला, म्हणजे पश्चिमेला, आणि रॉड उजवीकडे. रॉडची मूठ खालून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरवली की वरची फळी उचलली जाते. मुठीला घड्याळाच्या तबकडीसारखी चकती लावा आणि सेकंदकाट्याच्या चालीने अखंड फिरवत राहा. पंधरा सेकंदांनी एकदम पाव फेरा असं करू नका, तेवढ्यात तारा पंधरा पिक्सेल धावलेला असतो. हाताचा कंटाळा आला की २८बीवायजे-४८ ही छोटी स्टेपर मोटर, तिचा यूएलएन२००३ ड्रायव्हर आणि आर्डुइनो हा छोटा नियंत्रक बोर्ड लावता येतात. या मोटरचे हाफ-स्टेप, म्हणजे फिरण्याचे छोटे टप्पे, एका फेऱ्यात ४,०९६ लिहिलेले असतात, प्रत्यक्षात तिच्या दातेरी चाकांच्या गुणोत्तरामुळे साधारण ४,०७६ भरतात. म्हणून दोन स्टेपमधलं अंतर १४.७ मिलिसेकंद ठेवा.

बिजागरीचा अक्ष ध्रुवाकडे हवा. बिजागरीच्या शेजारी, तिला समांतर एक स्ट्रॉ चिकटवा आणि तिच्यातून ध्रुवतारा दिसेपर्यंत ट्रायपॉडचं डोकं वाकवा. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून पाऊण अंशापेक्षा थोडा कमी बाजूला आहे, पण इथे ते चालतं. अक्ष एक पूर्ण अंश चुकला तर तारे मिनिटाला जास्तीत जास्त १६ विकला सरकतात, म्हणजे ५० मिमीवर एक पिक्सेल. अर्ध्या तासानंतर मात्र सरळ रॉडमुळे फळी मागे पडायला लागते आणि तोही मिनिटाला एक पिक्सेल होतो. तेव्हा रॉड उलटा फिरवून पहिल्यापासून सुरू करा.

आता आयएसओ ८०० ते १६००, एफ २.८, साठ सेकंद, साठ फोटो. कॅमेऱ्यातल्या हिस्टोग्रामचा डोंगर डावीकडून पाव ते तिसऱ्या हिश्शावर असावा. मध्यावर गेला असेल तर आकाश उजळ आहे, सेकंद कमी करा.

विकतचा ट्रॅकर आणि ठेंगणा ध्रुव

१३५ किंवा २०० मिमीला हाताचा ट्रॅकर पुरत नाही. तिथे स्काय-वॉचरचा स्टार ॲडव्हेंचरर किंवा आयऑप्ट्रॉनचा स्कायगायडर प्रो यांच्यासारखं यंत्र घ्यावं. दोघांची वजन पेलायची मर्यादा ५ किलोच्या घरात आहे, प्रत्यक्षात तीनच्या आत राहा. सॅमयांगची १३५ मिमी एफ २ लेन्स या कामात जगभर वापरली जाते, आणि पहिल्या छोट्या दुर्बिणीपेक्षा शिकायला सोपी आहे.

परदेशी व्हिडिओंत ध्रुवतारा चाळीस-पन्नास अंशांवर असतो. आपल्याकडे तो आपल्या अक्षांशाएवढाच : पणजीला साडेपंधरा, मुंबईला एकोणीस, नागपूरला एकवीस. म्हणजे झाड, टेकडी किंवा गावचा उजेड त्याला सहज झाकतो. जागा निवडताना उत्तर मोकळी आहे का ते आधी बघा, दक्षिण नंतर. काही माउंटांचा (कॅमेरा धरून फिरवणाऱ्या यंत्रांचा) प्रतिभाराचा, म्हणजे तोल साधणाऱ्या वजनाचा, दांडा एवढ्या कमी कोनात ट्रायपॉडच्या पायावर आपटतो. एक पाय बरोबर उत्तरेला करून बघा आणि विकत घेण्याआधी खात्री करा. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत महाराष्ट्रात एक अंशाहूनही कमी फरक आहे, पण फोन लोखंडी ट्रायपॉडपासून लांब धरा.

ध्रुवयोजनेची, म्हणजे अक्ष ध्रुवाकडे रोखण्याची, चूक १० कला (अंशाचा सहावा भाग) असेल तर मिनिटाला अडीच विकलांची घसरण. १३५ मिमीवर दोन मिनिटांत तो जेमतेम एक पिक्सेल, म्हणजे इतकी अचूकता पुरे. ट्रॅकरच्या ध्रुवदर्शकात, म्हणजे अक्षातल्या छोट्या दुर्बिणीत, ध्रुवतारा मध्यावर न ठेवता फोनवरचं ध्रुवयोजनेचं ॲप घड्याळाच्या तबकडीवर जी जागा दाखवेल तिथे ठेवा. मग कॅमेरा लावा, पुन्हा बघा, कारण वजनाने सगळं थोडं खाली बसतं. समतोल साधताना पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवा, म्हणजे दातेरी चाकं एकमेकांना टेकून चालतात.

एम ४२ साठी १३५ मिमी, एफ २.८, आयएसओ ८०० : साठ सेकंदांचे नव्वद फोटो, आणि त्याशिवाय दहा सेकंदांचे वीस, दोन सेकंदांचे वीस. मधल्या चार ताऱ्यांच्या पुंजक्याभोवतीचा गाभा मिनिटभरात पूर्ण पांढरा होतो. तो छोट्या फोटोंतून घेऊन नंतर वर बसवायचा.

तारे बिघडलेले दिसले तर

कॅमेऱ्यावरच फोटो शंभर टक्के मोठा करून चारही कोपरे आणि मध्य बघा. सगळे तारे पूर्व-पश्चिम ओढलेले असतील तर ट्रॅकरचा वेग, समतोल किंवा दातेरी चाकांची चूक. उत्तर-दक्षिण ओढलेले असतील तर ध्रुवयोजना. दर पाच-सहा फोटोंमागे एखादाच बिघडत असेल तर ती चाकांची फिरून फिरून येणारी चूक आहे, तेवढे फोटो टाकून द्या, यंत्र उघडू नका. मध्य ठीक आणि फक्त कोपरे पंखासारखे असतील तर लेन्सचं छिद्र आणखी एका टप्प्याने लहान करा, म्हणजे एफ २.८ चं ४. तारा दुहेरी दिसत असेल तर कुणाचा तरी पाय लागला किंवा लोंबती वायर वाऱ्याने हलली. गोल पण जाडे तारे म्हणजे फोकस.

आणि रात्र सरेल तसं ताऱ्यांभोवती वलय वाढत गेलं तर ते दंव. डिसेंबर-जानेवारीत नदीकाठी किंवा तळ्याकाठी रात्री दहा-अकरालाच काच ओली होते. कापडाने पुसू नका, फोकस हलतो. यूएसबीवर चालणारा गरम पट्टा लेन्सच्या पुढच्या कडेला पहिल्यापासूनच गुंडाळून ठेवा. दंव पडल्यावर लावला तर अर्धा तास जातो.

सिरिलमध्ये रचणं

सिरिल हे फोटो एकावर एक रचायचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. एका फोल्डरात लाइट्स, डार्क्स, फ्लॅट्स, बायसेस अशी चार पोटफोल्डर इंग्रजी छोट्या अक्षरांत करा, होम डिरेक्टरी तो फोल्डर ठेवा आणि ओएससी (रंगीत सेन्सरचा कॅमेरा) प्रीप्रोसेसिंग ही स्क्रिप्ट चालवा. फाइली मोठ्या होतात, डिस्कवर ५०-६० जीबी जागा मोकळी हवी. रचताना सिग्मा क्लिपिंगमुळे, म्हणजे बाकी फोटोंपेक्षा फार वेगळे पिक्सेल गाळल्यामुळे, उपग्रह आणि विमानांच्या रेषा आपोआप गळून पडतात, त्या दिसल्या म्हणून फोटो फेकू नका.

तयार झालेली प्रतिमा उघडली की काळी दिसेल. ऑटोस्ट्रेचने, म्हणजे फक्त बघण्यापुरती आपोआप उजळून, पाहिली तर बहुधा हिरवी. घाबरू नका, सेन्सरच्या दर चार पिक्सेलांत दोन हिरवे असतात. आधी कडा कापा. मग बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे पार्श्वभूमीचा उजेड वजा करणं : नमुन्याचे चौकोन तेजोमेघावर आणि तेजस्वी ताऱ्यांवर पडले असतील ते काढून टाका, नाहीतर तेजोमेघच प्रकाश-प्रदूषण समजून पुसला जातो. एम ४२ च्या भोवतीची धूसर धूळ अशीच जाते. त्यानंतर फोटोमेट्रिक रंगजुळणी, आणि मग स्ट्रेच, म्हणजे मंद भाग ताणून उजळ करणं. एका झटक्यात ओढू नका. असिन्ह हा स्ट्रेचचा प्रकार थोडा, मग हिस्टोग्राम तीन-चार वेळा थोडा थोडा, दर वेळी गाभा पांढरा होत नाही ना ते बघत.

नवख्याचा फोटो लांबूनच ओळखू येतो : आकाश डांबरासारखं काळं आणि तेजोमेघ जांभळा. काळ्या बिंदूचा स्लायडर डोंगराच्या पायथ्याला टेकण्याआधीच थांबवा. ० ते २५५ च्या मोजमापात आकाश २५-३० वर असलेलं बरं. लाल रंग कमी दिसला तर सॅच्युरेशन ताणू नका. साध्या कॅमेऱ्यात सेन्सरवरची काचच हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवते. एम ४२ तेजस्वी म्हणून तरतो, अश्वशीर्ष तेजोमेघ त्या कॅमेऱ्याने फिकाच येणार.

मृग मावळल्यावर

आकाशगंगेच्या मध्याच्या दिशेला दिसणारा, धनु राशीतला एम ८ तेजोमेघ मध्यरात्री सर्वांत उंच येतो तो जूनअखेर, म्हणजे नेमका पावसात. त्यामुळे आपल्याला तो पावसाआधी पहाटे गाठावा लागतो : एप्रिलच्या मध्यावर पाचच्या सुमारास, मेच्या मध्यावर तीनच्या सुमारास. त्याच एप्रिलमध्ये मध्यरात्री दक्षिणेला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ मुंबईहून २३ अंश वर असतो. युरोपातल्या बहुतेकांच्या नशिबी तो नाही, १३५ मिमीवर दोन-दोन मिनिटांचे तीस फोटो घेऊन ठेवा.

मग जून. लेन्स आणि ट्रॅकर कपड्यांच्या कपाटात किंवा चामड्याच्या बॅगेत ठेवू नका, काचेवर बुरशी धरते. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवून काटा ४० ते ५० टक्क्यांत राखा. जेलचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर कोरडे करून परत टाका. फळ्यांच्या ट्रॅकरचा रॉड पुसून त्याला शिवणयंत्राचं तेल लावा, नाहीतर ऑक्टोबरात तो टी-नटमध्ये गंजून बसलेला सापडेल.